कॉलिन्सची कुऱ्हाड अखेर दांड्यावर चढली

गेल्या नोंदीत कॉलिन्स या जुन्या अमेरिकन कारखान्याच्या ज्या कुऱ्हाडीच्या पात्याबद्दल लिहिलं होतं, ते आता दांड्यावर बसलं आहे आणि लाकूडही तोडतं आहे. सव्वादोन पौंडांचं, म्हणजे साधारण किलोभराचं पातं; जाणकार याला 'बॉईज ॲक्स' म्हणतात. दोन्ही हातांनी जोर लावता येतो आणि पाठपिशवीला बांधून दिवसभर चाललं तरी जाच होत नाही. कॅम्पिंगसाठी यापेक्षा समाधानकारक माप मला अजून सापडलेलं नाही.

गंजासाठी पातं साध्या व्हिनेगरमध्ये 24 तास बुडवून ठेवलं, तारेच्या ब्रशने घासलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच कोरडं करून तेल लावलं. काळा थर निघाला तसा शिक्का वर आला: मुकुटातून उगवलेला हात, मुठीत हातोडा आणि 'लेजिटिमस' हा शब्द. कनेक्टिकटमधला हा कारखाना 1826 साली सुरू झाला आणि 1966 पर्यंत चालला. मात्र नाव नंतरही इतर देशांत वापरात राहिलं, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून वय ठरवू नये.

व्हिनेगरचा आणखी एक फायदा झाला. पाणी दिलेला, म्हणजे तापवून कडक केलेला भाग बाकीच्या लोखंडापेक्षा वेगळ्या छटेचा दिसू लागला. किती पोलाद शिल्लक आहे हे असं डोळ्यांनी पाहायला मिळालं की फार बरं वाटतं. नंतर कानस फिरवून खात्री केली. कानस नुसतीच घसरली तर धार जास्त कडक, तिचे तुकडे उडतील. लोण्यासारखी शिरली तर पाणी उतरलेलं. या पात्यावर कानस जेमतेम धरत होती. असंच हवं.

दुसऱ्या कुऱ्हाडीची, छोट्या हॅचेटची, गोष्ट वेगळी. आधीच्या मालकाने तिला कोरड्या ग्राइंडरवर धार लावली होती आणि टोकाशी निळा डाग पडला होता. पोलाद 220-230 अंश सेल्सियसच्या आसपास फिकट पिवळं दिसतं, 300 च्या आसपास निळं. निळं झालं म्हणजे तिथलं पाणी गेलं, आणि धार टिकत नाही. तो भाग हाताने कानसून काढावा लागला. त्यात धार मागे सरकली, पण मागचं पोलाद चांगलं निघालं. जुन्या कुऱ्हाडींना यंत्र लावू नका, ही विनंती मी प्रत्येक नोंदीत करणार आहे.

आता दांडा. इथेच माझे तीन रविवार गेले. हिकरीच्या लाकडाचा दांडा निवडताना बुडाकडून पाहिलं: लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेला समांतर हव्यात, आणि बाजूने पाहिल्यावर त्या दांड्याच्या लांबीभर जाव्यात. मध्येच कडेला निघून जाणारी रेष म्हणजे पुढे तिथूनच चीर. मग नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, थोडं बसवायचं, काढायचं, जिथे लोखंड घासून काळा डाग उमटला असेल तिथेच तासायचं, पुन्हा बसवायचं. पातं चढवताना त्याच्यावर घाव घालत नाहीत. दांडा पातं खालच्या बाजूला येईल असा हातात लटकता धरायचा आणि वर आलेल्या बुडावर लाकडी मोगरीने ठोकायचं. जड पातं जागच्या जागी राहतं आणि दांडा नेढ्यात शिरत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसेना.

दांडा वरून बोटाच्या पेराएवढा बाहेर ठेवला, खाचेत लाकडी पाचर ठोकली आणि वर जवसाचं तेल मुरू दिलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. मी त्या उघड्यावर पसरून वाळवतो. आणि पातं सैल झालं म्हणून कुऱ्हाड पाण्यात ठेवायची सवय असेल, तर ती सोडा. फुगलेले तंतू नेढ्यात दबतात आणि वाळल्यावर कुऱ्हाड आधीपेक्षा सैल होते.

हडसन बे नमुन्याची पाती दिसायला फार सुंदर, पण त्यांचा तुंबा, म्हणजे धारेच्या उलटा मागचा भाग, आखूड आणि नेढं उथळ, त्यामुळे दांड्याला पकड कमी मिळते. माझ्याकडची एक तिसऱ्यांदा पाचरून झाली आहे.

वापराबद्दल एवढंच: हॅचेटचा दांडा आखूड, घाव चुकला तर पातं थेट नडगीकडे येतं. म्हणून मी गुडघ्यावर बसूनच काम करतो, म्हणजे चुकलेला घाव जमिनीत जातो. बारीक सरपण फोडताना लाकूड आणि पातं एकमेकांना टेकवून दोन्ही एकत्र उचलतो आणि ओंडक्यावर आपटतो. नेम धरायचा प्रश्नच उरत नाही. तुंब्याने लाकडी खुंट्या ठोकतो, लोखंडी पाचर कधीच नाही. तुंबा मऊ असतो, कडा पसरतात आणि नेढं फाकतं.

पुढच्या वेळी मार्बल्स कंपनीची छोटी 'सेफ्टी ॲक्स', 1898 च्या पेटंटवाली, दांड्यात दुमडणारी पत्र्याची ढाल असलेली. तिची ढाल सध्या गंजून अडकली आहे. तेल सोडून ठेवलं आहे.