‘त्याने मला पुशलं’

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना एक दिवस बालवर्गातून आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “त्याने मला पुशलं.” मला त्यात केवळ भेसळ ऐकू आली. घरात माझी मराठी, तिच्या बाबांची कन्नड आणि बालवर्गात इंग्रजी, यामुळे तिचा गोंधळ होतो आहे, तेव्हा घरीही इंग्रजीच बोला, असा सल्ला तिथल्या शिक्षिकेने आम्हाला दिला होता आणि आम्ही तो निष्ठेने पाळायला लागलो होतो.

आज ते वाक्य मला वेगळे दिसते. क्रियापद तिने इंग्रजीतून उचलले खरे, पण त्याला मराठी प्रत्यय लावून भूतकाळ साधला, ‘तो’चे ‘त्याने’ केले, कर्माला ‘ला’ जोडला आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात ठेवले. व्याकरणाच्या पुस्तकात मोठ्यांनाही अडखळायला लावणारा भावे प्रयोग तिने कोणी न शिकवता अचूक केला होता. जो शब्द हाताशी आहे तो घेऊन मूल आपले म्हणणे पुरे करते, आणि हे ज्याला जमते त्याला गोंधळलेले म्हणणे अन्यायाचे आहे.

इंग्रजीचा तो प्रयोग आम्ही तीन महिने चालवला. माझी इंग्रजी कामापुरती चोख आहे, पण तिच्यात मला लाड करता येत नाहीत, समजूत घालता येत नाही, रात्रीची गोष्ट फुलवता येत नाही. पाहता पाहता आमचे बोलणे ‘हे उचल, ते संपव’ एवढ्यावर आले. मुलाच्या भाषेला ज्या भरघोस बोलण्याची गरज असते, तेच आम्ही तिच्यापासून काढून घेतले होते.

पुढच्या वर्षी इंग्रजी ऐकत वाढलेल्या नव्या ताई आल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत घरचे शब्द विचारले आणि ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘आई येईल’ हे त्यांच्या इंग्रजी लिपीत लिहून कपाटाच्या दारावर लावले. मुलगी तेव्हा वर्गात अजिबात बोलत नसे. नव्या भाषेत आलेली कितीतरी मुले काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत असतात, हे ताईंना ठाऊक होते, म्हणून त्यांनी तिला बोलते करण्याची घाई केली नाही. एकदा ती गुडघा धरून बसलेली पाहून त्यांनी विचारले, “डुखतंय?” त्यावर ती म्हणाली, “डु नाही, दु.” वर्गातले तिचे ते पहिले बोलणे.

ताईंचा त्यात दोष नव्हता. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजी ऐकत वाढणारी सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील फरक ओळखतात, पण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ती ओळख बरीचशी ओसरते. ‘द’ आणि ‘ड’ यांतही भेद तोच आहे. माझ्या मुलीने तो घरी ऐकून जपला होता.

मात्र घरची भाषा आपोआप टिकते, असे कोणी समजू नये. आनिक द हाउवर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, बेल्जियममधील फ्लांडर्स भागातल्या सुमारे १,९०० कुटुंबांच्या पाहणीत आई-वडिलांपैकी किमान एक जण घरी तिथल्या मुख्य भाषेखेरीज दुसरी भाषा वापरत असूनही जवळपास चौथ्या हिश्शाच्या कुटुंबांत मुले ती बोलत नव्हती. म्हणून आम्ही पुन्हा मराठी आणि कन्नडकडे वळलो, आणि या वेळी जाणीवपूर्वक.

एक गोष्ट पालकांनी शिक्षकांना जरूर सांगावी: मुलाचे शब्द मोजायचे असतील, तर सर्व भाषांतले मिळून मोजा. खरा भाषाविकार एकाच भाषेत दिसत नाही. घरच्या भाषेतही मूल मागे पडत असेल, तर श्रवणतपासणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांना उशीर करू नये.

ताईंचा कागद अजून कपाटावर आहे आणि त्यावर आता इतर मुलांच्या घरचे शब्दही आले आहेत. ‘दुखतंय’च्या शेजारी त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवले आहे: जीभ दातांना टेकवा.