बेडक्याची वही

६ ऑक्टोबर, कोजागिरी. रात्रीचे साडेअकरा.

गच्चीवरून आत्ताच खाली आले. दूध प्याले, पेलाभर, जायफळ-केशर घातलेलं, वरच्या सायीसकट. नणंदबाईंनी दुपारी फोन करून बजावलं होतं, दुधाचा थेंब घेऊ नकोस, कफ होतो. त्याच फोनवर त्यांनी हेही सांगितलं की त्यांच्याकडच्या एका मठात आज रात्री दम्याचं औषध देतात, चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून, आणि मी यायलाच हवं होतं. म्हणजे दूध नको, पण खीर चालेल. मी हो हो म्हणाले. पंचवीस वर्षं दमा सांभाळल्यावर माणूस कुणाच्या उपायाला नाही म्हणायच्या भानगडीत पडत नाही. शाळेतल्या एका बाईंनी तर मला मृगावर हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळून यायला सांगितलं होतं. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर, "शाकाहारी लोकांना गुळातून देतात हो," हेही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

दुधाचं मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. दुधाने कफ जास्त तयार होत नाही म्हणाल्या. दूध लाळेत मिसळलं की घशाशी दाट लागतं, तेवढंच. कोजागिरीपुरतं हे उत्तर मला फारच आवडलं.

गच्चीवर अंताक्षरी रंगात आली असताना खोकला आला. माझा खोकला कोरडा नाही, आतून खळखळत येतो, आणि तो ऐकला की माणसं आपापले पेले जरा जवळ ओढतात. कोविडपासून तर फारच. मी उठून पाण्याच्या टाकीमागे गेले, टिश्यू काढला, कफ काढला, आणि मोबाईलच्या उजेडात तो नीट पाहिला. पांढरट, थोडा फेसाळ. घडी घालून पिशवीत टाकला आणि परत येऊन बसले. 'भ' वरून गाणं अडलं होतं, ते मीच म्हटलं.

हे 'पाहिला' जे आहे ना, ते मला गेल्या तीन महिन्यांत जमायला लागलंय. त्याआधी कधीच नाही. बेसिनपाशी जायचं, नळ मोठा सोडायचा, मान वळवायची आणि थुंकायचं. घरात 'बेडका' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. वर्गात शिकवताना आला तर गिळून टाकायचा, चाळीस पोरांसमोर करणार काय! सासूबाई होत्या तोवर अडुळशाच्या पानांचा काढा असे, मध घालून. ब्रोमहेक्झिन नावाचं कफ पातळ करणारं औषध अडुळशातल्याच एका घटकावरून बनवलंय, हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर त्या काढ्याला इतकी नाकं मुरडली नसती. त्यांनीही मी काय थुंकते ते कधी पाहिलं नाही, आणि डॉक्टरांनीही नाही. "कफ आहे का? हिरवा? बरं," एवढ्यावर पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी. बरं वाटायचं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा छाती भरायची, पुन्हा कणकण, पुन्हा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचल्याचं नाटक. चौदा महिन्यांत असे सात कोर्स झाले. मी मोजले नव्हते, फाईल लावताना चिठ्ठ्या मोजल्या.

मधे एक्स-रेत उजवीकडे डाग दिसला आणि टीबीची शंका आली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही नाही. पण स्टाफरूममध्ये डबा एकत्र खायचं आपोआप बंद झालं. कुणी काही बोललं नाही. नुसत्या खुर्च्या सरकल्या.

जुलैत भाची ओढून ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणजे मुलगीच म्हणायची, माझ्या लेकीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिने फाईल बाजूला ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, बेडका दिसतो कसा?"

"कसा म्हणजे? बेडक्यासारखा."

ती हसली आणि झाकणाची एक पारदर्शक डबी दिली. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून पहिला येईल तो यात आणा, आणि आणायच्या आधी स्वतः बघा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्वयंपाकघराच्या ट्यूबखाली मी ती डबी डोळ्यांसमोर धरली. आधी पोटात ढवळलं. मग जरा वेळाने बघवलं. चिकट पिवळसर द्रवात एक तपकिरी तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, रबरासारखा. डबी कलती केली तरी तो विरघळत नव्हता. भिजवलेली चिंच कोळून उरलेल्या चोथ्यासारखा रंग, आणि एका टोकाला चक्क दोन फाटे फुटलेले, झाडाची काडी असते तसे. ते फाटे म्हणजे माझ्या श्वासनळीचा साचा होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कफ तिथे इतके दिवस बसून होता की त्याने नळीचाच आकार घेतला. असे तुकडे आधीही पडले असणार. नळाच्या धारेखाली गेले.

पुढे रक्त आणि सीटी स्कॅन. आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं एक प्रतिपिंड, त्याची पातळी मोठ्या माणसात साधारण शंभरच्या आत असते, माझी निघाली ४,८६०. आजाराचं नाव ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस, सगळे एबीपीए म्हणतात. ॲस्परजिलस ही हवेत सगळीकडे असणारी बुरशी. तिचे बीजाणू सगळेच हुंगतात आणि बहुतेकांना काही होत नाही. दमा असलेल्या काही जणांच्या शरीराला मात्र ती सोसत नाही, ॲलर्जी उसळते, कफ दाट होतो, नळ्या सुजून कालांतराने रुंद आणि ढिल्या पडतात. ढिल्या नळीतून कफ वर येत नाही, साचतो, आणि साचलेल्या कफात जंतू वस्तीला येतात. अँटिबायोटिक जंतूंना हाकलतं, बुरशीच्या ॲलर्जीला हातही लावत नाही. आपल्याकडे यातल्या कित्येकांना आधी टीबीची औषधं दिली जातात, असंही कळलं. माझं तेवढं टळलं.

"घरात ओल आहे का?" तिने विचारलं. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत. जूनपासून कपाटामागे काळे ठिपके उठतात, ते मी ब्लीचने पुसते. "आणि कंपोस्ट वगैरे?"

इथे मला हसू आलं आणि रडूही. तीन वर्षांपूर्वी सोसायटीत ओल्या कचऱ्याचं व्याख्यान झालं होतं, त्यानंतर गॅलरीत खताचा डबा ठेवणारी मी पहिली. दर रविवारी तो हाताने उकरायचा, वरखाली करायचा, गरम वाफ येते का पाहायला तोंड अगदी जवळ न्यायचं. माझी बुरशी म्हणजे ॲस्परजिलस फ्युमिगॅटस, तिला कुजणारा ऊबदार पाला म्हणजे माहेर. वहीत लिहायला लाज वाटते, पण डबा गेला त्याचं मला दम्याच्या निदानापेक्षा जास्त वाईट वाटलं. मोगरा काय फुलला होता यंदा त्या खतावर! आता तो डबा तळमजल्यावरचे काका बघतात. कांद्याच्या सालीवरची काळी भुकटी ही तिचीच भाऊबंद, ॲस्परजिलस नायजर. तेव्हापासून कांदे निवडून, धुऊन हेच सोलतात. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२८ जुलैला स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, ३० मिलिग्रॅम. आता १० वर आले आहे. दोन आठवड्यांत छाती अशी मोकळी झाली की मला वाटलं, सुटले. त्या बदल्यात झोप उडाली आणि भूक आली. रात्री दोनला उभ्याने शेंगदाण्याचे लाडू खाणारी बाई या घरात आधी नव्हती. चेहरा पुरणपोळीसारखा फुगलाय. वर्गातल्या एकीने विचारलं, "बाई, तुम्ही जाड झालात का?" तिला हो म्हटलं. गोळी मनाने बंद करायची नाही हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय, म्हणून निमूट घेते. गेल्या महिन्याच्या शेवटी आयजीई २,३०० वर आली. शंभरवर येणार नाही, तसा हट्टही नाही. खाली उतरत राहिली म्हणजे झालं, असं त्या म्हणाल्या.

पण गोळीपेक्षा वेळ खातो तो सकाळचा कार्यक्रम. साडेपाचला नळ्या उघडणाऱ्या निळ्या पंपाचे दोन फवारे, स्पेसर नावाच्या नळकांड्यातून. पंधरा मिनिटं थांबायचं. मग मिठाच्या पाण्याचा नेब्युलायझर, ३ टक्क्यांचा. मग श्वास. आधी शांत, मग तीन-चार मोठे, प्रत्येक जरा धरून ठेवायचा, आणि शेवटी आरसा पुसण्याआधी त्यावर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून "हाऽऽ". फिजिओथेरपिस्टने हे शिकवेपर्यंत मला खोकणं म्हणजे जोर लावणं एवढंच ठाऊक होतं. जोराने नळ्या उलट मिटतात, हाऽऽने कफ आपल्या पायाने वर येतो. उजव्या बाजूसाठी डाव्या कुशीवर, कमरेखाली दोन उशा. हे पोह्याची वाटी उपडी धरावी तसा तळहात करून पाठीवर थापटतात. सुरुवातीला घाबरत थापटायचे. आता आकाशवाणीच्या बातम्यांच्या लयीत चालतं, आणि बातमी वाईट असली की हात जड पडतो. शेवटी रोजचा पंप, त्यातही स्टिरॉइड असतं, आणि म्हणून खळखळून चूळ. ती चूळ मी वर्षानुवर्षं भरली नव्हती, म्हणून तोंडात पांढरे चट्टे यायचे. त्याला आम्ही उष्णता म्हणत होतो.

खाली कुणीतरी अजून "चांदोबा चांदोबा" म्हणतंय. खिडकी लावून घेते, गार वारा सुटलाय.

७ ऑक्टोबर. सकाळचे ६.२०.

दोन चमचे. पांढरा, पातळ. तपकिरी काही नाही. दुधाचा काही परिणाम दिसला नाही. नणंदबाईंना कळवायचं नाही.