उन्हाची शिंक

सावलीतून उन्हात पाऊल टाकलं की मला शिंक येते. सर्दी नसते, धूळ नसते, नाकात काही गेलेलंही नसतं. डोळे किलकिले होतात, नाकाच्या मुळाशी काहीतरी हुळहुळतं आणि लागोपाठ दोन शिंका येतात. कधी तिसरीही येते, पण ती जरा उसनं अवसान आणून आल्यासारखी. त्यानंतर ऊन कितीही रणरणतं असू दे, नाक गप्प. बराच वेळ आत बसून पुन्हा बाहेर आलं की मात्र पहिल्यापासून सुरू.

हे सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘मग त्यात काय एवढं? सगळ्यांनाच येते की!’ दुसरा तट आपल्याकडे काळजीने पाहतो. ऊन पडलं डोळ्यांवर, तर नाकाचं काय बिघडलं? दोन्ही तट आपापल्या जागी ठाम असतात आणि एकाच घरात राहूनही त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. शिंकेची चौकशी करतं कोण? फार तर ‘सर्दी झाली का?’ एवढं विचारतात आणि विषय संपतो. पाहणीगणिक आकडा बदलतो, पण उन्हाने शिंकणारे साधारण १८ ते ३५ टक्के भरतात. म्हणजे दुर्मीळ म्हणावेत तर नाही आणि बहुमत म्हणावं तर तेही नाही. बहुमत असतं तर न शिंकणाऱ्यांनाच तपासायला नेलं असतं.

अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘प्रॉब्लेमाटा’ या ग्रंथात नाकासाठी एक स्वतंत्र भाग आहे. (हल्ली नाकाला एवढा मान कुणी देत नाही.) त्यात एक प्रश्न आहे: सूर्याच्या उष्णतेने शिंक येते, मग आगीच्या उष्णतेने का येत नाही? उत्तर असं की ऊन नाकातला ओलावा पातळ करतं, आग मात्र तो पार सुकवून टाकते. उत्तर अर्थातच टिकलं नाही. प्रश्न मात्र फक्कड आहे, कारण त्यात निम्मा प्रयोग आधीच झालेला आहे. शिवाय तो विचारणाऱ्याची ढब पाहा. शिंक येते, हे त्याने धरूनच चाललेलं आहे. कुणाला येते, कुणाला नाही, ही शंकाच त्याच्या मनाला शिवलेली नाही. लिहिणारा पहिल्या तटातलाच असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही.

सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंताने उष्णतेची बाजू निकालात काढली. नाकपुड्या तापून शिंक येत असेल, तर डोळे मिटून नाक उन्हाकडे धरलं तरी ती यायला हवी. ती येत नाही. याचा अर्थ भानगड डोळ्यांपासून सुरू होते. इतक्या थोडक्यात आणि इतक्या कमी खर्चात केलेला युक्तिवाद क्वचितच सापडेल. पुढे मात्र बेकनही घसरला. त्याच्या मते प्रकाशामुळे मेंदूतला ओलावा डोळ्यांकडे खेचला जातो आणि त्याच्या ओढीने नाकाकडेही उतरतो. आता यात अडचण वेळेची आहे. उन्हाची शिंक काही क्षणांतच येते, डोळ्यांत पाणी जमून ते नाकापर्यंत झिरपायला तेवढा वेळ पुरत नाही. ज्याला ही शिंक येते त्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

मग ‘काही जणांनाच का?’ हा प्रश्न नीट मांडला जायला थेट विसावं शतक उजाडलं. १९५० च्या दशकात एका फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की तपासणीचा झोत डोळ्यावर टाकला की काही रुग्ण हटकून शिंकतात. १९६४ मध्ये हेन्री एव्हरेट यांनी प्रकाशाने येणाऱ्या शिंकेवर ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात निबंध लिहिला आणि या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टीला वैद्यकात रीतसर जागा मिळाली.

एरवीच्या शिंकेचा मार्ग सरळ आहे. नाकाच्या अस्तराला काही टोचलं की ट्रायजेमिनल नावाची मज्जातंतूची जोडी ती खबर मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागाला देते. तिथून हुकूम सुटतात: श्वास भरून घ्या, छाती आवळा, डोळे मिटा, सोडा. प्रकाशाची वाट वेगळी. डोळ्याच्या पडद्यावरून निघालेली खबर दृष्टीच्या मज्जातंतूने आत जाते आणि बाहुली आक्रसते. हे दोन रस्ते जवळजवळून जातात. सगळ्यात जुना आणि अजूनही लोकप्रिय तर्क असा, की काही जणांत एकीकडचा संदेश दुसरीकडे झिरपतो. बेल शेजारच्यांची वाजते आणि दार उघडायला आपण उठतो, तसं. दुसरा तर्क असा, की बाहुली आक्रसायला लावणारी स्वायत्त (आपल्या इच्छेविना चालणारी) मज्जासंस्था तेवढ्यावर थांबत नाही, ती नाकातल्या ग्रंथींनाही जागं करते, नाक पाझरतं आणि मग नेहमीच्या मार्गाने शिंक येते. २०१० मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दहा शिंकणारे आणि दहा न शिंकणारे घेऊन त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासल्या. शिंकणाऱ्यांच्या मेंदूचा पाहण्याचा भाग प्रकाशाने जरा जास्तच चाळवला जातो, असं त्यांना दिसलं. म्हणजे माशी शिंकली ती केवळ बुडाशी नव्हे, वरच्या मजल्यावरही काहीतरी घडत असावं. वीस माणसांवरून निकाल लागत नाही, हेही खरं.

ट्रायजेमिनलवरचा संशय बळकट करणारी एक गोष्ट मला फार आवडते. भुवया कोरताना केस उपटला की काही जणांना शिंक येते. भुवई, पापणी, नाकाचं अस्तर, सगळ्यांच्या संवेदना याच मज्जातंतूकडे. डोळ्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मात्र यात गंमत वाटत नाही. गुंगीच्या औषधाखाली असलेल्या रुग्णाच्या डोळ्याभोवती भुलीची सुई टोचताना त्याला अचानक शिंक आली तर काय, याची त्यांना धास्ती असते. आपण उन्हाने शिंकणाऱ्यांपैकी असू, तर अशा वेळी डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं.

धास्ती वैमानिकांबाबतही वाटली. ढगातून लख्ख उन्हात येणारा लढाऊ विमानाचा चालक शिंकला, तर त्या क्षणी त्याचे डोळे मिटलेले असणार. १९९३ मध्ये यावर लष्करी वैद्यकाच्या नियतकालिकात लेख आला. निरनिराळ्या रंगांच्या काचांमधून प्रकाश टाकून पाहिला, पण रंगाने काही फरक पडेना. शिंक आणतो तो प्रकाशाच्या तीव्रतेतला अचानक बदल. आगीने शिंक का येत नाही, याचं उत्तर इथे आपसूक मिळतं. उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हाचा उजेड लाखभर लक्सच्या घरात जातो, दिवे लावलेल्या खोलीत तो काहीशे लक्स असतो. शेकोटी या शर्यतीत कुठेच नाही. आणि दोन-तीन शिंकांनंतर नाक का गप्प बसतं, तेही कळतं: डोळे उजेडाला सरावले की बदल उरतच नाही. बोगद्यातून गाडी बाहेर काढणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावं. ताशी १०० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. टोपी, गडद चष्मा यांचा उपयोग होतो. नाक आणि वरचा ओठ यांमधली जागा बोटाने दाबून धरली तरी काहींची शिंक परतते.

ही खोड वारशाने येते. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला असली तरी मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. १९७८ मध्ये काही संशोधकांनी तिला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं. त्याची आद्याक्षरं जुळवली की होतो ‘आचू’, म्हणजे इंग्रजीतली शिंक! गंभीर चेहऱ्याने केलेला हा वात्रटपणा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. २०१० मध्ये सुमारे दहा हजार लोकांची जनुकीय माहिती चाळली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरची एक जागा या शिंकेशी जोडलेली आढळली.

एवढं सगळं करून या शिंकेचा उपयोग काय? कुणीतरी गुहेतल्या आदिमानवाची गोष्ट सांगेल. धुराने भरलेल्या गुहेतून तो बाहेर आला, शिंकला, नाक साफ झालं, वगैरे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. शरीरातल्या प्रत्येक वाकड्या गोष्टीला गुहेत नेऊन सरळ करायची काही गरज नसते.

उपयोग एकच, आणि तो मात्र रोकडा आहे. शिंक येता येता नाकात अडकते. तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, समोरचा माणूस बोलायचा थांबलेला, आणि ती ना पुढे येत, ना मागे जात. पहिल्या तटातल्या माणसाने अशा वेळी मान वर करून जवळच्या दिव्याकडे पाहावं (सूर्याकडे टक लावून नाही, डोळ्यांना इजा होते). बहुतेक वेळा काम फत्ते होतं. दुसऱ्या तटाला ही सोय नाही. त्यांनी तोंड उघडं ठेवून वाट पाहावी.