गाळलेला यू

मे महिन्यातली दुपार होती. या दिवसांत धुळ्यात दोन वाजता कुत्रंसुद्धा सावलीत पडल्यापडल्याच भुंकतं. कूलरसमोर सतरंजी टाकून मी आडवा झालो होतो आणि भाचा शेजारी मोबाइल घेऊन बसला होता. मामाला जुनं इंग्रजी रॉक कळतं असं त्याला कुणीतरी सांगितलंय. अफवाच आहे, पण भाच्यासमोर ती मोडायची कशाला? 'ब्लॅक होल सन' गाण्याचा गायक क्रिस कॉर्नेल, त्याचा एकट्याचा अल्बम ऐकलाय का, असं विचारत त्याने स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. 'युफोरिया मॉर्निंग' हे नाव वाचलं आणि मी उठूनच बसलो.

"स्पेलिंग चुकलंय. 'मॉर्निंग'मध्ये यू कुठून आला?"

छापखान्यात वाढलेल्या माणसाचं हे असंच असतं. मी पाट्या वाचतो. पत्रिकेतलं जेवणाचं ठिकाण नंतर, आधी र्‍हस्व-दीर्घ. मागे एका ढाब्यावर फळ्यावरच्या शेवभाजीची मात्रा पुसली गेली होती. बाकीचे जेवले. मी 'शवभाजी' वाचत दही-भातावर भागवलं. बायको अजून हे माहेरी सांगते.

वडिलांचा छापखाना एका खोलीचा. पायाने चालवायचं ट्रेडल छपाईयंत्र, भिंतीला टेकलेले खणाखणांचे ट्रे, त्यांत शिशाचे खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, आणि सगळ्यावर रॉकेलचा वास. लग्नसराईत पत्रिका, एरवी पावतीपुस्तकं, मधूनच एखादं शोकपत्र. ते मात्र तातडीचं, कारण मृत्यू कुणाला तारीख देऊन येत नाही. मी तिसरी-चौथीत असेन. प्रूफ मोठ्याने वाचायचं काम माझं. एकदा असाच एका पत्रिकेचा मजकूर वाचत होतो. श्री गणेश प्रसन्न, चि. आणि चि. सौ. कां., मुहूर्त, स्थळ, आणि खाली 'आपले शोकाकुल'. त्याखाली वराचे काका, मामा, आत्या, सगळं गणगोत. आदल्या दिवशीच्या शोकपत्राची ती ओळ खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर काकांकडून सुटी करायची राहिली होती, तीच इकडे आली. मी खो खो हसत सुटलो. वडील हसले नाहीत. त्यांनी ओळ उपसली, बाहेर जाऊन नळावर हात धुतले, आणि मग नवी ओळ जुळवायला घेतली. शिसं हाताळल्यावर ते हात धुवायचेच, पण ते दिवस संपताना. कामाच्या मध्येच नाही.

तर यू. भाच्याने दोन मिनिटांत शोधून माझा पोपट केला. यू आता चुकून पडलेला नव्हता, तेव्हा मुद्दाम गाळला होता. कॉर्नेलच्या मनात पहिल्यापासून यू असलेला, म्हणजे शोकाचा 'मॉर्निंग' होता. मॅनेजरचं म्हणणं पडलं की यू काढला तर नाव जास्त छान दिसेल. यानेही मान डोलावली आणि 1999 साली अल्बम सकाळ होऊन बाजारात आला. पुढे त्याला त्याची रुखरुख लागून राहिली. 2015 मध्ये अल्बम नव्याने काढला तेव्हा यू परत जागेवर बसवला. सोळा वर्षांनी प्रूफ तपासून झालं म्हणायचं.

आमच्याकडे ही भानगडच नव्हती. आमच्याकडे होती आतेभावाने पुण्याहून भरून आणलेली साठ मिनिटांची कॅसेट. गाणी बारा, ए बाजूला सहा, बी बाजूला सहा. लेबल मी लिहिलं, निळ्या शाईने, देवनागरीत: युफोरिया मॉर्निंग. आता लिहून बघा, यू घालून आणि न घालता. आपल्या लिपीत सकाळ आणि सुतक एकाच अक्षरांत मावतात, आणि तपासणारा काही करू शकत नाही.

रात्री गच्चीवर पाणी मारून टेपरेकॉर्डर लावायचो. आतेभाऊ कॉर्नेलच्या जुन्या बँडचा, साउंडगार्डनचा कडवा भक्त. त्यांचा 1994 चा अल्बम 'सुपरअननोन' त्याला वरण-भातासारखा लागायचा. 1997 मध्ये बँड मोडला तेव्हा तो दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. आता गायक एकटा परत येतोय म्हटल्यावर त्याला तीच जाड गिटार हवी होती. चौथ्या गाण्याला तो वैतागला, "हा तर आरत्या म्हणायला लागला!" आमच्यातला एक जण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचा. त्याचं म्हणणं बरोब्बर उलटं. 'व्हेन आयम डाउन' तो मागे घेऊन घेऊन ऐकायचा आणि म्हणायचा, या कीबोर्डवालीचे हात धुवून पाणी प्यावं. ती नताशा श्नाइडर. ती आणि तिचा नवरा अ‍ॅलन योहानेस, दोघांनी आपल्या घरच्या स्टुडिओत कॉर्नेलबरोबर बसून हा अल्बम केला. बाई 2008 मध्ये गेली. तिसरा मित्र म्हणाला, आवाज भारी आहे पण झोप येते, आणि झोपलाही.

मला? खरं सांगायचं तर पहिल्यांदा फारसा आवडला नव्हता. पण लेबल माझ्या अक्षरातलं, म्हणून बोललो नाही. मग कधीतरी 'प्रीचिंग द एंड ऑफ द वर्ल्ड' रुतलं. जग संपायला आलंय आणि हा बाबा शेवटच्या वेळेला सोबत कोण येतं ते शोधतोय. पंचेचाळीस अंशांत, लाइट गेलेली असताना, हे गाणं धुळ्यात लिहिलंय अशी माझी खात्री झाली. सगळीकडेच ऐकणाऱ्यांचं आमच्या गच्चीसारखं झालं असावं. अल्बम फार चालला नाही. दोन वर्षांनी कॉर्नेल ऑडिओस्लेव्ह या नव्या बँडमध्ये गेला, गिटारी परत जाड झाल्या आणि आतेभावाने त्याला माफ केलं. 2017 च्या मेमध्ये डेट्रॉइटला कार्यक्रम करून तो हॉटेलवर परतला आणि त्याच रात्री गेला. बावन्न वर्षांचा होता. मी तेव्हा एका वरातीत होतो. बँडवाल्यांच्या आवाजात आतेभावाचा फोन नीट ऐकूच आला नाही.

एक मत सांगायचं राहिलं. आजीचं. आजी गच्चीच्या कोपऱ्यात खाटेवर पडून असायची. इंग्रजीचं एक अक्षर कळत नसे, पण रडण्यातली ती जाणकार होती. आमच्या भागात कुणी गेलं की बायका दारावर जातात, हेल काढून रडतात, आणि त्या हेलात गेलेल्याचं सगळं येतं. आजीचा हेल ऐकायला म्हणे लोक थांबायचे. बी बाजूचं पहिलं गाणं 'वेव्ह गुडबाय' लागलं तशी ती उठून बसली.

"कोन मरी गयं रे भाऊ?"

फार कौतुक करू नका. जगजितसिंगांच्या गझलेलाही ती हेच विचारायची. पण या वेळी उत्तर खरंच होतं. आतेभावाने सांगितलं होतं की हे गाणं जेफ बकलीसाठी आहे, हाही गायकच, कॉर्नेलचा मित्र.

"त्याचा दोस्त, आजी. नदीत बुडाला."

"कोनती नदी?"

"अमेरिकेतली. वुल्फ नावाची."

"पूर उना व्हता का?"

"नाही. अंगावरच्या कपड्यांसकट पोहायला उतरला होता."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. गाणं चालूच होतं.

"त्यानी माय शे का?"

आहे, हे मला फार नंतर कळलं. त्याची अर्धवट राहिलेली रेकॉर्डिंग तिनेच राखली. तेव्हा मी आपलं "असेल" म्हणालो आणि आवाज थोडा कमी केला.