उन्हाळी मूग: अर्धवट ओलीचा घोळ सापडला

तिसरा वाफा उगवला! सलग, ओळीला ओळ, नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) जवळपास नाहीतच.

दुसरा वाफा चट्ट्याचट्ट्यांनी उगवतोय हे मागच्या नोंदीत आलंच होतं, आणि संशय बियाण्यावर होता. बियाणं निर्दोष आहे. त्याच पिशवीतले दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, जवळपास सगळ्यांना मोड आले. मग खुरप्याने दुसऱ्या वाफ्यातली एक ओळ उभी कापली आणि कापलेल्या भिंतीकडे नीट पाहिलं.

वर भुकटी, खाली गडद माती, मधली ओलीची रेघ नागमोडी. दाणा रेघेच्या खाली होता तिथे रोप. रेघेच्या बराच वर होता तिथे दाणा हिरवागार, टणक, पेरला तसाच. मेले ते नेमके रेघेवरचे. फुगलेले, टरफल फाटलेलं, मोड जेमतेम बाहेर आणि त्याचं टोक तपकिरी. फुगण्यापुरती ओल मिळाली, मूळ खाली उतरण्याआधी ती संपली.

मुगाला मोड यायला स्वतःच्या वजनाच्या आसपास पाणी शोषावं लागतं. मक्याचं साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागतं. मोड फुटण्याआधी दाणा थोडा फुगून पुन्हा वाळला तर बहुधा निभावून जातो, मोड बाहेर आल्यावर मात्र नाही. म्हणून खरी धूळपेरणी (पूर्ण कोरड्या मातीतली) चालते, वाफशावरची (पाणी दिल्यावर चिखल सरून नुसती ओल उरते तेव्हाची) पेरणी चालते, मधलं काही चालत नाही. बी सहा-आठ तास भिजवून पेरायचा सल्लाही वाफशासाठीच आहे. धुळीत टाकलेल्या भिजवलेल्या दाण्यातलं पाणी कोरडी माती उलट ओढून घेते.

मग खोल का पेरू नये? हरभरा खोल चालतो, कारण त्याच्या डाळिंब्या (दाण्याच्या दोन डाळी) मातीतच राहतात. मूग आपल्या डाळिंब्या वर ओढत आणतो, त्यात दमतो, आणि वर पपडी (वाळून कडक झालेला मातीचा पापुद्रा) असेल तर मान मोडते.

तिसऱ्या वाफ्यात म्हणून कोरडा थर फावड्याने बाजूला सारला आणि सरीच्या तळाला पाणी दिलं, तेही थोडं थोडं, थांबून. एकदम सोडलं की ते भेगांतून पाताळात जातं. वाफसा आल्यावर तीन-चार सेंटीमीटरवर टोकण (एकेक दाणा हाताने लावणं), तळहाताने घट्ट दाब, आणि वर बाजूचीच कोरडी भुसभुशीत माती बोटभर. ही वरची माती अजिबात दाबायची नाही. खाली दाबल्याने दाण्याला माती चिकटते आणि ओल पोचते, वरच्या सैल थरामुळे तीच ओल वर चढून उडत नाही. ‘एक कोळपणी (वरची माती हलवून सैल करणं) म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात त्यातलंच हे गणित. वरून पाणी नाही, म्हणजे पपडीही नाही.

अवजारांबद्दल थोडं. दोन काट्यांचं स्वस्त ओलमापक अशा सैल, कोरड्या मातीत खेळणं आहे, काट्याला माती टेकतच नाही. टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोराने ओढते ते सेंटीबारमध्ये दाखवणारी, पाण्याने भरलेली नळी) चांगला, पण 80 सेंटीबारच्या पुढे त्यात हवा शिरते, काटा खाली येतो आणि वाळलेली जमीन ओली दिसायला लागते. मी मुठीत माती दाबून बघतो. हातपेरणी यंत्राचं मागचं चाक वरची मातीही दाबून टाकतं, म्हणून ते बाजूला ठेवलं होतं. लिहिता लिहिता सुचतंय: झाकणारी पाती चाकाच्या पुढून काढून मागे लावली तर? आधी दाब, मग सैल माती. या आठवड्यात नट-बोल्टचे पाने घेऊन बसतो.

दुसऱ्या वाफ्यात भिजवलेल्या बियांनी नांग्या भरायच्या होत्या, तो बेत रद्द. टणक दाणे अजून जिवंत आहेत, मग नवीन बी कशाला? बाजूच्या सरीत पाणी सोडून आडवं झिरपू देतो. रोपं मागेपुढे होतील, पण मूग तसाही दोन-तीन तोड्यांत काढतो.

अडणार आहे ते तिळाला. त्याचं बी दोन-अडीच सेंटीमीटरच्या खाली चालत नाही, म्हणजे बोटभर सैल थर त्याला झेपणार नाही. वाळूत मिसळून सरीच्या तळाला पेरून वर मातीऐवजी काडाचा पातळ थर द्यावा असा विचार आहे. उगवण दिसताच काड ओढून घ्यायचं. कोणी केलं असेल तर काडाची जाडी सांगा.