सतराचा पाना

१२ जुलै, शनिवार

काल रात्री उशिरा कराडला पोचले. सकाळी चहा घेऊन पडवीत आले तर अण्णांच्या गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला, आणि त्यावर एकावर एक पडलेले रुपयाएवढे काळे डाग.

"हे कधीपासून?"

"थेंबच पडतोय गं. एवढ्याशानं काय होतंय?"

पुठ्ठा मात्र बिस्किटांच्या खोक्याचा, मुद्दाम मापानं कापलेला होता.

गाडी २००६ ची स्प्लेंडर प्लस. डबल स्टँडवर घेतली, डिपस्टिक पुसून आटे न फिरवता नुसती टेकवली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. या इंजिनात लिटरभरसुद्धा ऑइल मावत नाही, आणि त्याच ऑइलवर पिस्टन, गिअर आणि क्लच असे सगळे जगतात. शिवाय ठिबकणारी जागा मागच्या चाकाच्या पुढ्यात. पावसात वळणावर टायरला तेल लागलं तर काय होईल, ते आईसमोर बोलले नाही.

"नट आवळलाय मी," अण्णा म्हणाले. "दोनदा."

पडवीच्या भिंतीवर, मीटरच्या पेटीखाली, अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलेली यादी आहे. गाडी घेतल्यापासून ऑइल बदललं की तारीख आणि किलोमीटर. मध्येच गाडीचं मीटर बंद पडलं, तिथून पुढं नुसत्या तारखा. भिंतीला दोनदा रंग दिला, पण तेवढा चौकोन सोडून.

१३ जुलै, रविवार

लगेच बोल्टला हात लावायचा नाही असं ठरवलं. तेल ओघळत सगळ्यात खालच्या जागी येतं आणि तिथं असतो हा बिचारा ड्रेन बोल्ट, जुनं ऑइल सोडायचा. त्यामुळं आळ त्याच्यावरच येतो. गिअरच्या शाफ्टचं सील गेलेलं असू शकतं, क्लच कव्हरचं पॅकिंग असू शकतं, वर टॅपेटच्या झाकणाची रबरी रिंगसुद्धा असू शकते. त्यात गाडी चालताना वारा तेलाला मागं पसरवतो.

रॉकेल आता मिळतंय कुठं? बाटलीभर डिझेल आणलं, जुन्या टूथब्रशनं इंजिनचं पोट घासलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, कोरडं केलं. मग आईच्या टाल्कम पावडरचा डबा घेतला.

"अगं, माझी पावडर गाडीला?"

पोट पांढरं करून कृष्णा पुलापर्यंत एक चक्कर मारली. येऊन मोबाइलच्या टॉर्चनं बघितलं. वर सगळीकडं पावडर कोरडी आणि बोल्टभोवती ओली काळी चंद्रकोर. म्हणजे आळ खराच होता.

इंजिन कोमट होतंच. खाली घमेलं ठेवलं, सतराचा रिंग पाना लावला. हलेना. पान्यावर हातोडीचा एक ठोका दिला तेव्हा 'कट्' झालं आणि बोल्ट सुटला. तेल पडून गेलं. बोल्ट पुसायला घेतला तर आट्यांत चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं. नखानं ओढलं. वेटोळं, स्प्रिंगसारखं, मऊ.

चेंबरचे, म्हणजे इंजिनच्या पोटाचे, आटे होते ते. बोल्ट पोलादी, चेंबर ॲल्युमिनियमचं. दोघांची झुंज लावली की कोण हरणार हे ठरलेलंच. वायसर बोल्टालाच चिकटलेला, दोन्ही बाजूंनी चपटा, कडेला धार आलेला. हा वायसर मुद्दाम मऊ धातूचा असतो. आवळताना तो थोडा दबतो आणि बारीक ओरखडे भरून काढतो, म्हणून तेल अडतं. एकदा दबला की त्याचं काम संपलं. तांब्याचा असेल तर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो (पोलादाच्या उलट). ॲल्युमिनियमचा सरळ टाकून द्यायचा. हा किती वर्षांचा होता कोण जाणे. ठिबकायला लागला तो वायसरच्या म्हातारपणानं, आणि शिक्षा झाली आट्यांना.

"अण्णा, आवळला कसा होता?"

"पान्यावर पाय दिला जरा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. अशा बोल्टला अडीच-तीन किलोग्रॅम-मीटर पीळ पुरे. वीत-सव्वावीत लांबीच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा भार दिला की झालं, म्हणजे एका हाताचं काम. अण्णा साठ किलोचे. चौपट. आणि दोनदा.

वेटोळं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चष्मा वर करून बघितलं, बंडीच्या खिशात टाकलं, आणि आधीच पुसून ठेवलेली डिपस्टिक पुन्हा पुसायला घेतली.

दुपारी नवा वायसर आणून हातानं बोल्ट फिरवून बघितला. चार फेरे छान गेला आणि ऐन बसायच्या वेळी नुसताच गरगर. शेजारचे काका म्हणाले टेफ्लॉन टेप गुंडाळ. त्यांचा मुलगा म्हणाला एम-सील. दोघांनाही चहा दिला.

१४ जुलै, सोमवार

सुट्टी टाकली. कारण साहेबांना 'घरगुती अडचण' एवढंच कळवलं. खोटं नव्हतं.

इंजिनात ऑइल नाही म्हणजे गाडी चालू करणं शक्यच नाही. छोटा हत्ती ठरवला. पहिल्या गॅरेजात सांगितलं, चेंबर बदलावं लागेल. म्हणजे सगळं इंजिन उतरवून, उलगडून. दुसऱ्यानं सांगितलं, एक माप मोठा बोल्ट ठोकून देतो. 'ठोकून' हा शब्द ऐकूनच मी निघाले.

शेवटी ओगलेवाडीला एक लेथवाले भेटले. अण्णांना ती वाट पाठ. लहानपणी त्यांच्या घरात प्रभाकर कंदील होता, तो इथल्याच कारखान्यातला. त्याची काच कशी निघायची, वात कशी कापायची, हे सगळं मला आणि टेम्पोवाल्याला ऐकावं लागलं. कालपासून गप्प असलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर मीही मध्ये मध्ये हूं हूं करत राहिले.

लेथवाल्यांनी भोकात बोट घालून एकदा फिरवलं आणि म्हणाले, "कॉइल बसवू." आधी भोक थोडं मोठं केलं. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. मग टॅप हातानंच फिरवला. अर्धा फेरा पुढं, पाव मागं, थांबून पुसायचं, पुन्हा अर्धा फेरा. शेजारी मोठं मशिन घरघरत होतं आणि हा माणूस दोन बोटांनी काम करत होता. अण्णा उकिडवे बसून बघत होते. नंतर स्टेनलेस तारेची कॉइल पिळून आत चढवली, तिची शेपटी तोडून चिमट्यानं बाहेर काढली. वरून पेलाभर स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू दिलं, उरलासुरला कीस निघून जावा म्हणून. आता पोलादी बोल्टाला पोलादी आटे, माप तेच.

नवा बोल्ट, नवा वायसर. आधी हातानं पूर्ण, मग पान्यानं. वायसर दबल्याचं हाताला कळतं. पाना किंचित जड होतो, आणि मग एकदम घट्ट. तिथं ते थांबले.

"ताई, आता पाय नका देऊ बरं का."

मला म्हणाले! मी अण्णांकडं बघितलं. अण्णा कंदिलाच्या कारखान्याच्या दिशेनं बघत होते.

"नाही देणार," मी म्हटलं.

नवीन ऑइल घातलं, पाच मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून जरा थांबून डिपस्टिक बघितली. वरच्या खुणेला टेकलेलं. गाडी अण्णांनीच घरी आणली, मी मागं बसून.

संध्याकाळी पुठ्ठा उलटा करून कोरी बाजू वर केली. जुन्या काळ्या ऑइलचा डबा अण्णांनी फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी ठेवून घेतला. तेवढं ऑइल या बिजागऱ्यांना दोन हजार चाळीसपर्यंत पुरेल.

१५ जुलै, मंगळवार

सहाच्या गाडीनं पुण्याला निघायचं होतं. अंधारातच टॉर्च घेऊन पडवीत गेले. पुठ्ठा कोरडा. एका कोपऱ्यात ओला ठिपका दिसला आणि पोटात गोळा आला. वास घेतला. पागोळीचं पाणी.

उठताना टॉर्च भिंतीवर गेला. यादीत कालची तारीख चढली होती. एकोणीस वर्षांच्या त्या सगळ्या नोंदींत ऑइलशिवाय दुसरा शब्द नव्हता. कालच्या तारखेपुढं अण्णांच्या तिरक्या अक्षरात होतं: 'ऑइल. वायसर नवा. हातानेच.'

आत आईनं दशम्या बांधायला घेतल्या होत्या. पावडरचा नवा डबा आणायचाय, पुढच्या खेपेला.