तुम्ही विचारलंत म्हणून: वरचा गोल

मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, दर चार वर्षांनी तोच प्रश्न येतो. "2016 ला तुम्ही नक्की कुणाला मत दिलंत हो?" मी हसून विषय बदलते. आता सांगून टाकते. कुणालाच नाही.

म्हणजे अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या आमच्या नोव्हायच्या शाळेत मतदानाला गेले, रांगेत उभी राहिले, मतपत्रिकेवर पेनाने न्यायाधीशांपासून शाळामंडळापर्यंतचे गोल भरले. सगळ्यात वरचे, अध्यक्षपदाचे तेवढे कोरे ठेवले. साताऱ्याहून भाऊ म्हणाला, "मग नोटा म्हण की." अरे, इथे नोटाचं बटण नसतं. मतपत्रिकेवर कोऱ्याला नावही नसतं.

का? मार्चमध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मी सँडर्सना मत दिलं होतं आणि मिशिगनमध्ये ते जिंकलेही होते. रिपब्लिकन ट्रम्पना द्यायचा प्रश्नच नव्हता. डेमोक्रॅटांच्या उमेदवार झालेल्या हिलरी क्लिंटनबाई मात्र आम्हाला खिशात धरून चालल्या होत्या. 1988 नंतर हे राज्य रिपब्लिकनांकडे गेलं नव्हतं ना! शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तर उमेदवारी मिळाल्यावर त्या एकदाही फिरकल्या नाहीत. इथे तेव्हा कारण दिल्याशिवाय आगाऊ मतदान नव्हतं, बहुतेक मतं त्याच दिवशी पडणार, म्हणून मिशिगनला शेवटी यायचं, असा त्यांच्या माणसांचा हिशेब. आमच्याकडे नगरसेवकसुद्धा हात जोडून दारात येतो. माझ्या दारात कुणी आलं नाही.

हे मी इतकी वर्षं घोकलंय. पण दारात कुणी आलं असतं तर? मी चहा पाजला असता आणि कदाचित गोल कोराच ठेवला असता. मला राग दाखवायचा होता, आणि बाई जिंकणारच अशी खात्री असल्यामुळे तो स्वस्तात दाखवता येत होता. म्हणजे खिशात धरून मीही चाललेच होते.

लेक नऊ वर्षांची, सोबत होती. टाचा उंचावून बघत म्हणाली, "आई, वरचा गोल राहिला." मी म्हटलं, "राहू दे." "पण बाई तिथेच आहेत ना?" मागे माणसं खोळंबली होती. मी कागद यंत्राकडे नेला, त्यानं मुकाट्यानं ओढून घेतला. 'मी मत दिलं'चा स्टिकर मिळाला, तो तिनं माझ्या कोटाला लावला, आणि मी तसाच फोटो टाकला. तुम्ही सगळ्यांनी त्याला अंगठे दिलेत.

सकाळी ती उठून खाली आली, टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही.

मिशिगनमध्ये ट्रम्प जिंकले, फरक 10,704 मतांचा. अध्यक्षपदाचा रकाना कोरा असलेल्या मतपत्रिका सुमारे 75 हजार. डिसेंबरात फेरमोजणी सुरू होऊन कोर्टात अडकली, तेव्हा मंडळात कुणीतरी छातीठोक सांगत होतं, "एवढे लोक कोरं कसं ठेवतील? यंत्रानं मतं खाल्ली!" मी पोहे खात होते. खाली बघून खात राहिले.

नवरा इंजिनियर. म्हणतो, एका मतानं 10,704 भरून निघत नाहीत. खरंय. पण बाकीच्यांच्या घरीही असंच कुणी समजूत घालत असेल.

2020 ला मी सगळ्यात आधी वरचा गोल भरला. डेमोक्रॅट बायडन इथे दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकले. लेकीला फोन करून सांगितलं नाही, ती वरच्या खोलीतच होती. जिन्यापर्यंत जाऊन परत आले.